पैसे रबरात घाला, इंचात नको: फास्ट गाडीला परवडणारे टायर कसे निवडायचे

पोलो जीटी, व्हर्टस जीटी, स्लाविया दीड लिटरवाली, आय२० एन लाइन, नाहीतर हौसेने सेकंड हँड उचललेली ऑक्टाव्हिया व्हीआरएस. यातली कुठलीही गाडी असो, चाळीसेक हजार किलोमीटर झाले की मालकाचा प्रश्न ठरलेला, टायर संपलेत, बजेट टाइट आहे, पण ग्रिप कमी नकोय, काय टाकू? उत्तरंही ठरलेलीच. एकजण म्हणणार मिशेलिन सोडून कशाला हात लावू नकोस, दुसरा म्हणणार एमआरएफ टाक डोळे झाकून आणि विसरून जा, आणि तिसरा हमखास म्हणणार की एवढे पैसे घालतोच आहेस तर सतरा इंची अलॉय रिम करून टाक ना, लूकच बदलतो गाडीचा. गाडी कुठे चालते, किती चालते, पावसाळ्यात घाट उतरते की नुसती हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये उभी असते, हे तिघांपैकी एकानेही विचारलेलं नसतं.

आता या गाड्यांना स्पोर्ट्स कार म्हणायचं का यावर लोक रात्रभर भांडतील, तो विषय सोडा. दीडशे पीएसची, म्हणजे साधारण तेवढ्याच हॉर्सपॉवरची गाडी आहे, ती वळणावर जरा जोरात घालायची हौस आहे, आणि टायरला पोर्शेवाल्याएवढे पैसे मोजायचे नाहीत, अशा माणसासाठी हे लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच जाऊ शकतात: साइज कंपनीचीच ठेवा, ओल्या रस्त्यावरची ग्रिप विकत घ्या, आणि त्या बदल्यात टायर जरा लवकर झिजणार हे मान्य करा. बाकी सगळं या तीन गोष्टींचं कारण आणि त्यातल्या खाचाखोचा.

आधी एक छोटा हिशोब करू. गाडी १२५० किलोची धरा. चार चाकांवर वाटली की एका टायरवर साधारण ३१२ किलो आले. पुढे इंजिन असल्यामुळे पुढच्या टायरांवर जास्त आणि मागच्यांवर कमी येतं, पण अंदाजाला हे चालेल. टायरमध्ये हवा ३३ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला २.३ किलोच्या आसपास. ३१२ ला २.३ ने भागा, १३५ चौरस सेंटीमीटर येतात. म्हणजे मोठ्या माणसाच्या तळहाताएवढा रबराचा तुकडा एका वेळी रस्त्याला टेकलेला असतो, असे चार. तुमचं टर्बो, तुमचे मोठे डिस्क ब्रेक, गाडी घसरू नये म्हणून असलेले ईएसपी आणि एबीएस, जे काय लाखो रुपये तुम्ही मोजलेत ते सगळं शेवटी या चार तुकड्यांतूनच रस्त्यापर्यंत पोचतं. ब्रेक फक्त चाक थांबवतो, गाडी थांबवायचं काम टायरचं.

आणि या प्रत्येक तुकड्याकडे ग्रिपचा कोटा एकच असतो. तो ब्रेकिंगला वापरा, वळायला वापरा, नाहीतर अ‍ॅक्सिलरेटरला वापरा, तिन्हीला मिळून तेवढाच. म्हणून घाटात वळणाच्या मधोमध घाबरून ब्रेक दाबला की गाडी सरळ जायला लागते, कारण वळायला जो कोटा लागत होता तो ब्रेकने खाल्ला. चांगला टायर म्हणजे हा कोटा मोठा, एवढंच. जादू काही नाही त्यात.

याच भागाकारात अजून एक गोष्ट लपलीये जी टायरच्या दुकानात तुम्हाला कोणी सांगत नाही. समजा तुम्ही २०५ चा, म्हणजे २०५ मिलीमीटर रुंद टायर काढून २२५ चा टाकला, हवा तेवढीच ठेवली, गाडीचं वजनही तेच, तर भागाकाराचं उत्तर पण जवळपास तेच येणार ना? म्हणजे रस्त्याला टेकणारा तुकडा फार मोठा होत नाही, त्याचा आकार बदलतो, आडवा रुंद होतो आणि पुढे-मागे आखूड. कोरड्या रस्त्यावर वळताना याचा थोडा फायदा होतो, स्टिअरिंग जरा टवटवीत वाटतं, ते खोटं नाही. पण लोकांना वाटतं तसं वीस मिलीमीटर वाढवले म्हणजे तेवढी ग्रिप वाढली, असं अजिबात नसतं. आणि पावसात तर उलटंच होतं, त्याकडे येतोच.

मग ग्रिप येते कुठून? मुख्यतः रबराच्या मिश्रणातून, ज्याला सगळे कंपाउंड म्हणतात. रस्ता आपल्याला सपाट दिसतो पण जवळून बघितला तर बारीक खडीचे उंचवटे असतात. टायर त्यांच्यावर दबतो, त्यांच्याभोवती आकार घेतो आणि परत मूळ जागी येतो. परत येताना रबर जेवढी ऊर्जा घेतली तेवढी परत देत नाही, काही भाग उष्णता होऊन जातो, आणि ही जी गळती आहे ना, तीच मोठ्या प्रमाणात आपली ग्रिप. आता अडचण अशी की गाडी नुसती सरळ चालत असताना पण टायर दर फेरीला दबतो आणि सुटतो, तिथेही ऊर्जा गळते, आणि तिथे तिचं नाव होतं जास्त पेट्रोल. शिवाय रबर मऊ असेल तर ते झिजतंही लवकर, खोडरबरासारखं, जे छान खोडतं तेच लवकर संपतं. म्हणजे ग्रिप, आयुष्य आणि मायलेज अशी तीन टोकं आहेत, एक ओढलं की दुसरं सरकतं. जो टायर तिन्ही देतो म्हणून सांगतात तो एकतर महाग असतो नाहीतर सांगणारा सेल्समन असतो.

महाग टायर महाग का, याचं उत्तर बरंचसं इथे आहे. पूर्वी रबराला ताकद द्यायला कार्बन ब्लॅक म्हणजे काजळी घालायचे, टायर काळा असतो तो त्यामुळेच. १९९२ मध्ये मिशेलिनने काजळीचा मोठा भाग काढून सिलिका घातलेला टायर बाजारात आणला. सिलिकामुळे असं जमलं की नुसतं सरळ धावताना रबर कमी ऊर्जा खातं, पण ब्रेक मारला की, जेव्हा खडीवर फार वेगाने थरथरतं, तेव्हा जास्त खातं. म्हणजे मायलेजही बरं आणि ओल्या रस्त्यावर पकडही चांगली. आज बहुतेक सगळ्या कंपन्या सिलिका वापरतात, पण किती, कुठल्या प्रतीची आणि ती रबरात किती नीट मिसळलीये, इथे पैशाचा फरक पडतो. बाहेरून बघून हे कळत नाही. नक्षी भारी दिसते म्हणून टायर भारी असं समजून टायर घेणारे खूप आहेत, आणि कंपन्यांनाही ते माहीत आहे.

कळण्यासाठी आकडे काही प्रमाणात असतात. टायरच्या बाजूवर बारीक अक्षरात ट्रेडवेअर ३००, ट्रॅक्शन ए, टेम्परेचर ए असं काहीतरी छापलेलं दिसेल, सगळ्या टायरांवर सापडेलच असं नाही. ही अमेरिकेची पद्धत आहे. तिकडे टेक्सासमध्ये गाड्यांचा ताफा ठरलेल्या रस्त्यावर ७२०० मैल, म्हणजे साडेअकरा हजार किलोमीटर फिरवतात आणि झीज एका ठराविक टायरशी ताडून बघतात. त्या टायरला १०० धरलं तर ३०० वाला तिप्पट टिकतो असा अर्थ. पण आकडा कंपनी स्वतःच लावते, त्यामुळे एका कंपनीचे ३२० आणि दुसऱ्या कंपनीचे ३६० यांची तुलना करण्यात अर्थ नाही. एकाच कंपनीचे दोन टायर समोर असतील आणि एकावर २८० आणि दुसऱ्यावर ५०० असेल, तर कुठला ग्रिपसाठी बनवलाय आणि कुठला टिकण्यासाठी, ते मात्र लगेच समजतं. आपल्यासारख्या रोज ऑफिसला जाणाऱ्या आणि रविवारी ताम्हिणीला पळणाऱ्या माणसाला साधारण ३०० ते ४०० च्या मधला टायर बरा. २०० वाले जे असतात ते ट्रॅकवर आणि ऑटोक्रॉसला (मोकळ्या मैदानातल्या वळणावळणाच्या शर्यतीला) मजा देतात, रोजच्या वापरात ते डोळ्यांदेखत संपतात.

ट्रॅक्शनचं अक्षर ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक मारून ठरवतात, एए सगळ्यात वर, मग ए, बी, सी. वळणावरची पकड त्यात येत नाही, हे लक्षात असू द्या. युरोपात विकल्या जाणाऱ्या टायरला वेगळं लेबल असतं, त्यात ओल्या रस्त्याच्या ग्रिपला ए पासून ई पर्यंत अक्षर मिळतं, आणि ८० च्या स्पीडवरून थांबताना एकेका अक्षरामागे काही मीटरचा फरक पडतो. काही मीटर म्हणजे पुढच्या गाडीचा बंपर आणि त्याच्या डिकीच्या आतला भाग एवढा फरक. आपल्याकडे ऊर्जा बचतीचे स्टार असलेलं लेबल आता टायरवर पण दिसायला लागलंय, ते उपयोगी आहे पण ते मुख्यतः पेट्रोल वाचवण्याबद्दल आहे. फ्रिज घेताना पाच स्टार बघायची सवय लागलेली असते, टायर घेताना पाच स्टार म्हणजे सगळ्यात जास्त चिकटणारा असं समजू नका.

आता पाऊस. महाराष्ट्रात टायर निवडताना माझ्या मते नव्वद टक्के निर्णय पावसावर व्हायला पाहिजे. कोरड्या डांबरावर आजचा कुठलाही बऱ्या कंपनीचा नवा टायर बऱ्यापैकी पकड देतो, सार्वजनिक रस्त्यावर तुम्ही त्याची मर्यादा गाठायलाच नको. फरक उघडा पडतो तो जूनच्या पहिल्या सरीत, जेव्हा रस्त्यावरची धूळ आणि सांडलेलं ऑइल ओलं होऊन चिकट-निसरडा थर बसतो, आणि नंतर जुलैत, जेव्हा वरंधा किंवा आंबोलीत रस्त्यावरूनच ओढा वाहत असतो.

पाणी साचलेल्या रस्त्यावर टायरला ते बाजूला ढकलायचं असतं. परत छोटा हिशोब: ३ मिलीमीटर पाणी, टायर २०५ चा, स्पीड ८०. दर सेकंदाला एका टायरला साधारण साडेतेरा लिटर पाणी वाटेतून हटवायचंय. टायर २२५ चा केला तर हे पंधरा लिटरवर गेलं. रुंद टायर पावसात उलटा का वागतो ते हे. पाणी वेळेत हटलं नाही की टायर त्यावर तरंगतो, स्टिअरिंग एकदम हलकं होतं, आणि मग तुम्ही फक्त प्रवासी. विमानांच्या टायरसाठी नासाच्या लोकांनी साठच्या दशकात याचं एक सूत्र मांडलं होतं, त्यात वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर ठरतो. त्या सूत्राने ३३ पीएसआयला तरंगायचा वेग येतो ताशी ९६ किलोमीटरच्या आसपास, आणि हवा २५ वर आली तर ८३. गाडीच्या टायरला, त्यात नक्षी असल्यामुळे, हे आकडे तंतोतंत लागू होत नाहीत, पण दिशा तीच, हवा कमी म्हणजे टायर लवकर तरंगतो. पावसाळ्यात ग्रिप वाढावी म्हणून हवा कमी करणारे महाभाग अजून आहेत, त्यांना हे दाखवा.

नक्षीची खोली पण इथेच मोजायची. कायद्याने १.६ मिलीमीटर उरेपर्यंत टायर चालतो, खाचेत जे छोटे उंचवटे असतात त्यांच्या पातळीला रबर आलं की संपला. पण पावसासाठी ३ मिलीमीटरलाच संपला असं धरा. टायर मे महिन्यात ३ च्या आसपास असेल तर दिवाळीपर्यंत ढकलू असा विचार करू नका, मेमध्येच बदला, दिवाळीला उरलेल्या मिलीमीटरची किंमत काही फार नसते.

आता इंचांचा विषय. व्हर्टस जीटीवर २०५/५५ आर१६ येतो. यातला २०५ म्हणजे रुंदी मिलीमीटरमध्ये, ५५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ५५ टक्के, म्हणजे जवळपास ११३ मिलीमीटर, आणि १६ म्हणजे रिम इंचात. पूर्ण चाकाची उंची येते ६३२ मिलीमीटर. सतरा इंची रिमवर २०५/५० टाकला तर चाकाची उंची ६३७, म्हणजे एक टक्क्याच्या आत फरक, स्पीडोमीटर वगैरे ठीक राहील. पण बाजूची भिंत ११३ वरून १०२ वर आली. अठरा इंची २२५/४० तर ९० मिलीमीटर, गोल्फ जीटीआयला हीच साइज येते. ही जी भिंत आहे तीच खड्ड्याचा धक्का खाते. ती आखूड झाली की वळताना टायर कमी डुलतो हे खरं, पण आपल्याकडे कुठल्याही उड्डाणपुलाच्या शेवटी जो दणका असतो तो मग थेट रिमला जातो. रिमची कड वाकते नाहीतर टायरच्या बाजूला फुगा येतो, आणि फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो फेकायचाच, कोणी कितीही म्हणो की अजून सहा महिने चालेल.

आणि खर्च बघा. नवे अलॉय घ्यायचे, वर मोठ्या साइजचे टायर जे इंचागणिक महाग होत जातात, आणि मग बजेट संपल्यामुळे त्या सतरा इंची रिमवर कुठलातरी स्वस्तातला टायर चढवायचा. हा प्रकार इतका दिसतो की काय सांगू. त्याच पैशात कंपनीच्याच सोळा इंची रिमवर सगळ्यात चांगला कंपाउंड आला असता आणि तरी पैसे उरले असते. गाडी दिसायला पाहिजे हे मला मान्य आहे, फक्त मग त्याला परफॉर्मन्स अपग्रेड म्हणू नका.

साइजच्या पुढे ९१व्ही असं काहीतरी असतं. ९१ म्हणजे एक टायर ६१५ किलो पेलतो, व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतचा. एच असेल तर २१०, डब्ल्यू २७०. आपण कुठे दोनशे चाळीसने जाणार असं म्हणून लोक इथे खालचं अक्षर घेतात, पण हे अक्षर खरं म्हणजे टायर उष्णता किती सहन करतो त्याची परीक्षा आहे. मे महिन्यात दुपारी समृद्धीवर, काँक्रीट तापलेलं, गाडीत पाच माणसं आणि सामान, ताशी १२० ने तासन् तास सलग, यात टायर आतून जो तापतो तो काही साधा नसतो, वर हवा कमी असेल तर बाजूची भिंत जास्त वाकते आणि अजून तापते, बहुतेक टायर असेच फुटतात. गुळगुळीत टायरच्या गाड्यांना मध्यंतरी समृद्धीवर आरटीओवाल्यांनी परत पाठवायला सुरुवात केली होती ती उगाच नाही. तर गाडीबरोबर जे दोन कोड आले त्याच्या खाली उतरायचं नाही. वर गेलात तर चालतं, फक्त वरच्या अक्षराचा टायर जरा कडक लागू शकतो.

ब्रँडचं बोलू. कंपनीचं नाव बघून टायर घेणं हीच मूळ गडबड आहे, कारण प्रत्येक कंपनी तिन्ही टोकांचे टायर विकते. ब्रिजस्टोनचा इकोपिया मायलेजसाठी, टुरान्झा आरामासाठी, पोटेन्झा हौशी लोकांसाठी. अपोलोचा अमेझर टिकण्यासाठी, अल्नॅक आणि अ‍ॅस्पायर जरा वेगवान गाड्यांसाठी. मिशेलिन प्रायमसी आणि पायलट स्पोर्ट हे दोन वेगळ्या स्वभावाचे टायर आहेत, आणि सिएटचा मायलेझ (Milaze) आणि स्पोर्टड्राइव्ह पण तसेच. त्यामुळे अमुक कंपनीचा टायर दगडासारखा निघाला असं कोणी म्हणालं की आधी विचारा, मॉडेल कुठलं? बहुतेक वेळा त्याने लाखभर किलोमीटर टिकावा म्हणून बनवलेला टायर घेतलेला असतो आणि तक्रार ग्रिपची असते.

परवडणाऱ्यात मी कुठे बघेन? कॉन्टिनेन्टलचा अल्ट्राकॉन्टॅक्ट यूसी६ आणि त्याचा जरा जास्त खेळकर भाऊ मॅक्सकॉन्टॅक्ट, योकोहामाचा ब्ल्यूअर्थ-जीटी, अपोलोचा अल्नॅक किंवा अ‍ॅस्पायर, आणि व्रेडेस्टाइनचा अल्ट्रॅक. व्रेडेस्टाइन ही डच कंपनी, २००९ पासून अपोलोची आहे, आणि २०२१ मध्ये अपोलोने हा ब्रँड इथे आणला, म्हणून नाव परदेशी असलं तरी ती या यादीत ठेवण्यासारखी. पायलट स्पोर्ट मिळाला आणि खिशाला झेपला तर प्रश्नच नाही, पण मिळाला तर. २०२० च्या जूनमध्ये सरकारने गाड्यांच्या नव्या टायरांची आयात परवान्याखाली आणली, तेव्हापासून बाहेर बनणाऱ्या मॉडेलांचं असं झालंय की एखाद्या साइजचा माल आज आहे आणि चार महिने नाही. म्हणून एकाच मॉडेलवर मन लावून बसू नका, दोन-तीन डोक्यात ठेवून दुकानं फिरा. एक चांगली बातमी म्हणजे टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, त्यामुळे कोणी जुना भाव सांगत असेल तर विचारायला लाजू नका.

आता तो खरा हिशोब, ज्यामुळे मी मऊ टायरच्या बाजूचा आहे. समजा कडक टायर साडेसहा हजारांना एक आणि साठ हजार किलोमीटर चालतो, आणि ग्रिपवाला नऊ हजारांना आणि चाळीस हजारच चालतो. पहिल्याचा चारही टायरांचा मिळून खर्च पडतो किलोमीटरला ४३ पैसे, दुसऱ्याचा ९०. दुप्पट की! पण तो फरक ४७ पैशांचा आहे. पेट्रोल शंभरीच्या वर, जीटी हौसेने चालवली की बाराचं अ‍ॅव्हरेज, म्हणजे किलोमीटरला साडेआठ रुपये नुसते पेट्रोलला जातात, आणि भांडण आपण ४७ पैशांवरून करतोय. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वर्षाला सहा हजार किलोमीटर चालवणाऱ्याचा साठ हजारवाला टायर झिजायला दहा वर्षं लागतील. रबर तेवढं जगत नाही. पाच-सहा वर्षांत ते कडक होतं, बाजूला बारीक भेगा पडतात, आणि नक्षी अर्धी शिल्लक असताना टायर बदलावा लागतो. जे आयुष्य वापरणारच नाही त्यासाठी ग्रिप का सोडायची? ज्यांची गाडी विकेंडलाच निघते त्यांनी तर निःशंक मऊ टायर घ्यावा. वर्षाला पंचवीस हजार चालवणाऱ्याचं गणित वेगळं, त्याने मधला मार्ग धरावा.

अजून स्वस्तात हवं असेल तर एक रस्ता आहे जो बऱ्याच जणांना सुचत नाही. शोरूममधून नवी गाडी काढून तडक टायरच्या दुकानात जाणारे लोक असतात, ते मोठे अलॉय टाकतात आणि कंपनीचे जवळपास कोरे टायर दुकानदाराला देऊन टाकतात. वर सतरा इंचवाल्यांना नावं ठेवली खरी, पण त्यांच्या हौसेवर तुमचं काम होऊ शकतं. असे चार एकसारखे मिळाले, तारीख ताजी असली आणि आतून पॅच नसला, तर सौदा उत्तम. मात्र नुसता वापरलेला टायर काळं पॉलिश मारून चकचकीत केलेला असेल तर लांब राहा, झिजलेल्या रबरात परत खाचा कोरून विकायचे उद्योग चालतात आणि तशा खाचेच्या तळाशी रबर जवळजवळ उरलेलंच नसतं.

तारीख कशी बघायची तर बाजूला डीओटीने सुरू होणारा लांब कोड असतो, त्याच्या शेवटी लांबट चौकटीत चार आकडे. २३२५ असेल तर २०२५ चा तेविसावा आठवडा. हा कोड पूर्ण रूपात टायरच्या एकाच बाजूला असतो, त्यामुळे टायर चढवायच्या आधी जमिनीवर असतानाच चारही उलटसुलट करून बघा. सहा-आठ महिने जुना असेल तर काही बिघडत नाही. दोन वर्षं जुना असेल तर एकतर दुसरा मागा नाहीतर भाव पाडा.

बजेट दोनच टायरांचं असेल तर नवे दोन मागे. गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी असली तरी मागेच, आणि यावर टायरवालाच तुमच्याशी वाद घालेल. कारण असं की पुढचे सुटले तर गाडी सरळ जायला लागते, माणूस आपसूक अ‍ॅक्सिलरेटर सोडतो आणि पकड परत येते. ओल्या वळणावर मागचे सुटले तर गाडी गिरकी घेते, आणि ती सावरायची सवय आपल्यापैकी फारच थोड्यांना असते. आणि एकाच अ‍ॅक्सलवर, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीत, दोन वेगळे टायर तर कधीच नको.

बसवताना उभं राहून बघा. या वर्गातले बरेच टायर दोन्ही बाजूंनी वेगळे असतात, बाहेरच्या खांद्याचे ठोकळे मोठे, आतल्या बाजूला पाण्याच्या खाचा जास्त. बाजूवर आउटसाइड असं चक्क लिहिलेलं असतं आणि तरी घाईत तो आतल्या बाजूला चढवलेला मी पाहिलाय. बाणवाला असेल तर बाण पुढे फिरण्याच्या दिशेला. व्हॉल्व्ह नवे टाकून घ्या, फार पैसे नसतात. जुने टायर निघाले की त्यांच्यावरून तळहात आडवा फिरवा, एकदा आतून बाहेर आणि एकदा बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने खरखरीत लागलं म्हणजे टो, म्हणजे चाकं सरळ न राहता आत किंवा बाहेर वळण्याचा कोन, बिघडलाय, आणि अलाइनमेंट न करता नवे टायर तसेच घेऊन गेलात तर नऊ हजारांचा टायर काही महिन्यांत आतल्या कडेने उडालेला दिसेल.

नायट्रोजन भरू का असं विचारतील. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, बाकी तुमची मर्जी. त्यापेक्षा दाब बरोबर ठेवणं महत्त्वाचं, तो टायर थंड असताना मोजायचा आणि आकडा पेट्रोलच्या झाकणाच्या आत किंवा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर असतो. टायरच्या बाजूला जो मोठा आकडा छापलेला असतो ती कमाल मर्यादा, तेवढी हवा भरायची नसते. एक स्वतःचा गेज घ्या, पंपावरच्या मीटरवर माझा काही विश्वास नाही.

पहिले दोन-तीनशे किलोमीटर आरामात चालवा, नव्या रबरावर साच्याचा चिकट अंश असतो तो जाईपर्यंत टायर जरा सटकतो. नट पन्नास-शंभर किलोमीटरनंतर परत एकदा आवळून घ्या. आणि जुने चार तिथेच सोडून येऊ नका, स्टेपनी त्याच साइजची असेल आणि कोरी पण आठ वर्षांची झाली असेल, तर निघालेल्या चारातला सगळ्यात धड आणि कमी वयाचा तिच्या रिमवर चढवून घ्या.